बंदरात उभं असलेलं उत्पन्न

२ मार्च
साहेबांनी आज जाहीर केलं, जूनअखेर रिटायर होणार. म्हणजे आमच्या क्रूझ कंपनीच्या मुख्य हिशेबनिसाची खुर्ची रिकामी. म्हणजे माझी. अकाउंट्समध्ये आम्ही तिघं. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर आणि दुसऱ्याला पाढे येत नाहीत. आजपासून संकल्प: पहाटे पाचला उठणे, कमी बोलणे.

३ मार्च, सकाळी ९.१०
उठायला उशीर झाला. पण झोपेतही खुर्चीचाच विचार चालू होता. ते ऑफिसचंच काम.

९ मार्च
साहेब म्हणाले, या तिमाहीचे आकडे चांगले दिसले तर तुझ्यासाठी वर शब्द टाकीन. आकडे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मे महिन्याची सफर फुल आहे. प्रवाशांनी पैसे आगाऊ भरलेत. बँकेत आहे ते आपलं. सगळं मार्चच्या उत्पन्नात टाकलं. आकडा असा फुगला की मीच खुर्ची जरा मागे सरकवली.
घरी सौ.ला बढतीची बातमी दिली. तिनं विचारलं, ऑर्डर आली का? म्हटलं, आल्यातच जमा. म्हणाली, तुमचं मेलं सगळं जमाच असतं, हातात काय येतं ते सांगा. अकाउंट्स सगळ्यांना कळत नाही.

११ मार्च
रिक्लायनर घेतला. बटण दाबलं की पाय वर. आगाऊ रक्कम भरली, बाकी हप्ते वाढीव पगारातून. सौ.नं विचारलं, कुठला वाढीव पगार? ऐकू न आल्यासारखं केलं. पाय वर असताना ते सोपं जातं.

१६ मार्च
ऑडिटरबाई आल्या. माझ्या भाचीच्या वयाच्या. फाइल उघडली आणि म्हणाल्या, काका, जहाज अजून बंदरात उभं आहे. हे पैसे उत्पन्न नाहीत, देणं आहेत. सफर घडेल तेव्हा उत्पन्न धरायचं. म्हटलं, पण पैसे आलेत ना! तर म्हणतात, शिंप्याला शिलाई आगाऊ दिली म्हणून कोणी सदरा घालून हिंडतं का?
उपमा बरी होती. पुढच्या मीटिंगमध्ये माझी म्हणून वापरीन. आकडा मात्र बदलला नाही. आणि ‘काका’ कशाला?

२१ मार्च
नशीब बघा! जहाजाचं इंजिन बिघडलं, मेची सफर रद्द. ऑफिसात सुतक. मी एकटाच शांत. सफर नाही म्हणजे इंधन नाही, जेवणावळी नाहीत, बँडवाले नाहीत. खर्च शून्य, उत्पन्न तेवढंच. जहाज न हलवणं हाच या धंद्यातला खरा नफा, हे साहेबांना जाऊन सांगितलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. भारावले असावेत.

२३ मार्च
प्रवाशांना दोन पर्याय: रोख परत, नाहीतर सव्वापट रकमेचं व्हाउचर, वर्षभरात कुठल्याही सफरीला चालेल. पत्राचा मसुदा माझा. ‘आपली सफर रद्द झालेली नसून ती आपल्या नावे सव्वापटीने जपून ठेवण्यात आली आहे. आपल्या संयमाबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ साहेबांनी एक कॉपी स्वतःकडे ठेवून घेतली.
मेहुण्याचंही त्याच सफरीचं बुकिंग होतं. फोनवर म्हणाला, भावोजी, रोख घेऊ की व्हाउचर? म्हटलं, व्हाउचर घे, घरचा सल्ला. तेवढेच पैसे कंपनीत राहिले. माणसानं घरातून सुरुवात करावी.

२८ मार्च
ऑडिटरबाई म्हणतात, व्हाउचर हेही देणंच. मी हुकमाचा पत्ता टाकला: निम्मे लोक व्हाउचर विसरणार, तेवढं आपलं उत्पन्न. म्हणाल्या, आधार? मी आधाराच्या रकान्यात लिहिलं, ‘स्वानुभव’. जिमची वर्षाची फी भरली होती. एकदाच गेलो, तेही पाऊस आला म्हणून. यावर म्हणतात, काका, घाम गाळायचा कंटाळा येतो; पैसे भरून झालेल्या सुट्टीचा कोणाला येतो?
उत्तर होतं. पण संकल्प आठवला. कमी बोलणे.

९ एप्रिल
फोन थांबत नाही. व्हाउचरवाल्या सगळ्यांना ऑगस्टचीच सफर हवी. विसरलेला एकही नाही. मेहुण्यानं सगळ्या प्रवाशांचा मोबाइलवर ग्रुप काढलाय. रोज सकाळी आठवण पाठवतो: व्हाउचर वापरा, आमचे भावोजी तिथेच अकाउंट्सला आहेत, घरचा सल्ला आहे.
सौ.ला म्हटलं, तुझ्या भावाला आवर. म्हणाली, तो तुमचं किती कौतुक करतोय आणि तुम्ही!

२० एप्रिल
ऑडिटरबाईंनी मार्चचा आकडा खाली आणला. खाली म्हणजे पार तळघरात. साहेब म्हणाले, ऑगस्टला जहाज गच्च भरून जाईल आणि नवा पैसा एक येणार नाही. वर सव्वापट. म्हटलं, पण गर्दी तर बघा साहेब! ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. या खेपेस भारावलेले वाटले नाहीत.

१४ मे
तरीही खुर्ची माझीच. दुसरं आहे कोण? पहाटे पाचचा संकल्प सोमवारपासून.

३० जून
दुसरं कोण आहे ते कळलं. ऑडिटरबाई. उद्यापासून त्या साहेब. जाता जाता माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, काका, तुमची मदत लागेल हं.
साहेबांनी निघताना पाकीट दिलं. ‘आपली बढती रद्द झालेली नसून ती आपल्या नावे जपून ठेवण्यात आली आहे. आपल्या संयमाबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ सव्वापटीचा उल्लेख गाळलाय.
सौ.नं पत्र दोनदा वाचलं. पाणी आणून दिलं. तेच जास्त लागलं.

४ जुलै
हप्ते थकले म्हणून दुकानाची दोन माणसं येऊन रिक्लायनर घेऊन गेली. आगाऊ रक्कम परत मागितली, तर दुकानदार म्हणाला, रोख नाही, पुढच्या खरेदीसाठी व्हाउचर. सौ. म्हणाली, नीट ठेवा, विसराल.
भिंतीला टेकून, जमिनीवर बसून लिहितोय. व्हाउचर नीट ठेवलं होतं. कुठे, ते तासभर शोधतोय.
म्हणजे स्वानुभव बरोबरच होता. उद्या बाईसाहेबांना सांगायला हवं.