दोन अँपिअरचा हीटर

ता. ४

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण, भांडण. सासूबाईंच्या खोलीत ऊन फिरकत नाही, म्हणून घेतलेला छोटा हीटर थोरल्या जाऊबाईंनी उचलून वर नेला आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केला. दोन्ही मजल्यांना जिन्याखाली एकच फ्यूज. तो सारखा उडायचा, आणि जाऊबाई जिन्यात उभ्या राहून, शेजारपाजारच्यांनी कान टवकारावेत अशा आवाजात सांगायच्या, की म्हातारीच्या नावावर धाकटी सून वीज गिळते.

हीटर वर गेल्यापासून फ्यूज एकदाही गेला नाही. रविवारी त्यांच्या मैत्रिणी आल्या होत्या. वर गीझर चालू, ओव्हन चालू, तरी सगळं सुरळीत. जाऊबाई मला हसत म्हणाल्या, की चोर सापडला की चोऱ्या थांबतातच. इकडे सासूबाईंचा खोकला वाढलाय, आणि त्या मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पांघरूण घेऊन खोकतात.

तू शिकवलं होतंस तसा हिशोब केला. हीटरच्या रिकाम्या खोक्यावर २३० व्होल्ट, २ अँपिअर. भागाकार ११५ ओम. गीझरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट, १० अँपिअर. भागाकार २३. म्हणजे आमचाच हीटर पाचपट खादाड निघाला रे! आता माफी मागायला वर जाऊ? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. पण आपली चूक लपवून देवापुढे बसवत नाही. लगेच कळव.

तुझी,
ताई

ता. ८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खबरदार माफी मागशील तर! तुझा भागाकार बरोबर, निकाल उलटा. व्होल्टला अँपिअरने भागलं की येतो तो रोध, म्हणजे अडवणूक. जिथं अडवणूक कमी, तिथून वीज जास्त धावते. कोण किती खातो हे बघायचं तर भागू नकोस, गुण. हीटर २३० गुणिले २, म्हणजे ४६० वॅट. गीझर २३० गुणिले १०, म्हणजे २३०० वॅट. तुझा हीटर चिमणी आहे ताई, हत्ती वर नांदतोय. आमच्या वर्कशॉपमधली मुलंही पहिल्या आठवड्यात हीच चूक करतात, पण ती निदान माफी मागायला धावत नाहीत.

आता हसणं पुरे. फ्यूजची तार दहा अँपिअरची असते, असं तू मागे म्हणाली होतीस. दहाची तार थोडं जास्त सोसते, दुप्पट नाही. गीझरचे दहा आणि ओव्हनचे बहुधा तेवढेच. रविवारी ती वितळायलाच हवी होती. का वितळली नाही? मेन स्विच बंद करून फ्यूज काढून बघ. चालू असताना हात लावलास तर माझी शपथ.

सासूबाईंना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. १२

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बघितलं. माझी केसासारखी तार गायब, तिथं तांब्याचा जाड पीळ! कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो सहज म्हणाला, की हीटर वर नेला त्याच दिवशी थोरल्या बाईंनी सांगून बसवून घेतला. म्हणजे आधी मला चोर ठरवलं, मग चोरी थांबवून दाखवली. त्यासाठी सगळं घर जळालं असतं तरी चाललं असतं!

ओव्हनचा पत्राही पाहिला. ११ अँपिअर, २५३० वॅट. दोन्ही मिळून एकवीस झाले. येत्या रविवारी पुन्हा मैत्रिणी येणार आहेत. मला त्यांचं तोंड सगळ्यांसमोर उतरलेलं बघायचंय. क्षमा करावी हे रोज पोथीत वाचते, पण या आठवड्यात ती पानं उलटत नाहीत.

पीळ रविवारपर्यंत तसाच ठेवू का?

तुझी,
ताई

ता. १५

ती. ताईस शि. सा. न.

एक तासही ठेवू नकोस. भिंतीतली वायर तापून आग लागेल, आणि सासूबाईंना पळता येत नाही. आजच दहाची तार घाल. सूड घ्यायचाच तर बरोबर तारेनं घे. घाई आहे, म्हणून एवढंच. आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा

ता. २०

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हाच तार बदलली आणि तोंड शिवून बसले. काल मैत्रिणी आल्या. वर गीझर लागला, ओव्हन लागला, आणि घर गप्प झालं. जाऊबाई तरातरा खाली आल्या, मागून सगळ्या मैत्रिणी. त्यांनी जिन्यातूनच मला विचारलं, की लावलास ना पुन्हा तो मेला हीटर. मी काही बोलायच्या आधी सासूबाईंनी पांघरुणातून विचारलं, की थोरले, तो तर तुझ्या कपाटात आहे ना, किल्ली कुणाकडे असते? एक मैत्रीण फिसकन हसली. मग मी तो तांब्याचा पीळ सगळ्यांच्या हातात फिरवला आणि एकवीस अँपिअरची बेरीज सावकाश, दोनदा करून दाखवली. एकदा पुरली असती.

हीटर संध्याकाळी परत आला. सासूबाईंची झोपही परत आली.

आता जाऊबाईंना ओव्हन लावायचा असला की आधी गीझर बंद करावा लागतो, आणि हीटर चालू आहे का हे खाली येऊन विचारावं लागतं. मी सांगते, सासूबाईंना विचारा. सासूबाई मुद्दाम बराच वेळ आठवतात. जाऊबाई दारात उभ्या राहतात.

देवापुढे बसले की पश्चात्ताप शोधते. अजून सापडला नाही. सापडला की कळवीन, घाई नाही.

तुझी माया आहे तशीच राहो,
ताई