मंडळाचे टोप आणि मेघाची प्लॅनर

५ ऑक्टोबर, रविवार
धाकटीने, मेघाने, जेवताना जाहीर केलं. लग्नाला प्लॅनर लावायचा. मी हसलो. आमच्या गाववाल्यांच्या मंडळात तीस वर्षं लग्नं उभी कोण करतो? हॉल, आचारी, भटजी, पंगत, मंडळाचे टोप-भांडी परत नेणारा टेंपो, सगळं मी. मरोळच्या कंपनीत शिफ्ट सांभाळली त्याच शिस्तीत. एकाही लग्नात वरण कमी पडलेलं नाही.
मे. म्हणते, "बाबा, तू ह्या वेळी काही करायचं नाहीये. फक्त हजर राहायचंय."
सौ. तिच्या बाजूने. फेब्रुवारीचा हॉल बोरिवलीतलाच, तो मी आधीच ठरवलाय. म्हटलं ठीक, पण प्लॅनर मी निवडणार. मान्य झालं.

८ ऑक्टो., बुध.
पहिला. जुहूला ऑफिस. एसी इतका की सौ.ने पदर अंगभर घेतला. पोरगा चांगला, टॅबवर चित्रं दाखवली. 'कोकण थीम'. स्टेजवर होडी, जाळी, प्लास्टिकचे माड. नवरानवरी होडीत बसणार म्हणे. आमच्या सात पिढ्यांत समुद्रावर कोणी गेलेलं नाही, सगळे शेतात नाहीतर गिरणीत.
विचारलं, पंगत किती पानांची? "अंकल, बुफे." आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी काय करायचं? त्याने टॅबवर काहीतरी टिपलं.
बाद.

११ ऑक्टो., शनि.
दुसरा, अंधेरीचा. लाइट गेली तर? "होऊन जाईल काका, टेन्शन नाय." भटजी उशिरा आला तर? "होऊन जाईल." असं बोलणाऱ्याला मी कंपनीत कधी मशीनला हात लावू दिला नाही. बाद.
मे. वैतागली. "बाबा, तुला प्लॅनर नकोच आहे ना?"
नको असं नाही. माझ्याइतका बरा हवा, एवढंच.

१४ ऑक्टो., मंगळ.
मुलुंडहून रश्मी आली. चाळिशीची, साधा कुर्ता, हातात वही. आमच्याकडे यायच्या आधी हॉल बघून आली होती. इथेच अर्धी पास.
"काका, भटारखान्यातला एक नळ बंद आहे. ताटं धुवायला वेगळं पाणी आणावं लागेल."
हॉल मी तीनदा पाहिलाय. मला दिसलं नव्हतं. मान्य.
मी विचारायच्या आधीच म्हणाली, वयस्कर मंडळींची वेगळी पंगत मांडू, टेबल-खुर्चीवर. मी सौ.कडे पाहिलं. सौ. चहा टाकायला उठली होती.
ठरली. माणसं ओळखायला अजून चुकत नाही आपण.

१७ ऑक्टो., शुक्र.
रश्मीचा तक्ता आला. लग्नाच्या दिवशी कुठल्या वेळी कोणी काय करायचं, सगळं. झकास काम. माझं नाव फक्त तीन ठिकाणी. कन्यादान. अक्षता. आणि शेवटी, 'पाठवणी : बाबा दाराशी, पूर्ण वेळ'. त्याखाली रेघ.
फोन लावला. ही रेघ कशाला?
"मेघाने सांगितलं, काका. तिची तेवढी एकच अट होती."
मेघाला विचारलं तर थोरलीच्या, वैशालीच्या, लग्नाचा अल्बम घेऊन आली. पाठवणीचे फोटो काढले. सौ. रडतेय, मामा रडतोय, जावई गांगरलेला. मी एकाही फोटोत नाही.
"ताई गाडीत बसली तरी गाडी सोडू देत नव्हती. मी तुला शोधत मागच्या बाजूला आले. तू टेंपोत टोप चढवत होतास. मी काही बोलले नाही. परत जाऊन तिला सांगितलं, बाबा येतोय."
म्हटलं, मंडळाचे टोप, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नाला हवे होते. खरंच हवे होते.
मे. अल्बम मिटून आत गेली.

१८ ऑक्टो., शनि.
इथे लिहायला हरकत नाही. टोप अर्धा तास थांबले असते. मला दोनदा बोलावणंही आलं होतं. मी गेलो नाही. वैशालीसमोर रडलो असतो आणि मग आवरलं नसतं. हातात काम असलं की मी ठीक असतो.
तिला नाशिकला फोन केला. फराळाचं विचारलं. बाकीचं...

२५ ऑक्टो., शनि.
दिवाळी आटोपली. रश्मी करार आणि तो तक्ता घेऊन आली, सही करायला. आम्ही चौघं टेबलाशी. तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा, बाळाचा फोन. चष्मा नव्हता, बोट नेमकं स्पीकरवर पडलं.
"भाई, तुझ्या नावावर फेब्रुवारीचे टोप लिवन ठेवलंय. मोठे काढूचे काय मधले?"
हॉल ठरवला त्याच दिवशी सांगून ठेवले होते. सवयीने. केटरर स्वतःची भांडी आणतोय, टोप कुठे लागणारच नाहीत. हे मला तक्ता आला तेव्हापासून माहीत आहे.
रश्मीने पेन खाली ठेवलं. मेघा खिडकीबाहेर बघत होती. सौ. म्हणाली, "आता तरी एका जाग्यार बसा."
बाळाला म्हटलं, मागाहून सांगतो. दोन्हींवर सही केली. रेघेसकट.

२६ ऑक्टो., रवि.
वैशालीचा फोन. मेघाने सांगितलं असणार.
"बाबा, मेघाच्या पाठवणीला मी तुझ्या शेजारी उभी राहते. चालेल ना?"
चालेल म्हटलं. तिने फोन ठेवला नाही, थांबून राहिली. तेव्हाही अशीच थांबली असणार गाडीत.
बाळाला टोप नकोत म्हणून कळवायचंय. वहीतलं एक नाव खोडायचं, मिनिटाचं काम. पण तो दुपारी झोपतो. म्हटलं, चारनंतर करू.
साडेचार वाजलेत.