बावीस सप्तमांश आणि वर अर्धा इंच

रोहिणखेड,
माघ वद्य सप्तमी, शके १८८५

तीर्थरूप वामनदादांच्या पायांवर धाकट्या गोजरचं डोकं. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी, पाखऱ्या-सरदारची बैलजोडी आणि नुकतीच व्यालेली म्हैस, खाऊनपिऊन बरे आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? वहिनींनी एरंडाचा पाला बांधायला सांगितला होता तो बांधता, की नुसता खुंटीला टांगून ठेवता? गुडघा खुंटीला नसतो, एवढंच सांगते.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांना जाऊन तीन पोळे झाले, पटाच्या शर्यतीची छकडी अंगणात उभी उभी सुकते आहे, तू दिवसभर तिच्याकडे पाहत बसतेस, त्यापेक्षा वडनेरचे शेषराव मागताहेत तर त्यांना देऊन टाक, असं तुम्ही लिहिलंत. (पाहत बसते हे वहिनींनी सांगितलं असणार. मी पाहत बसत नाही, ज्वारी निवडते. आता छकडी समोर आहे त्याला मी काय करू?) मी हो म्हणून कळवलं होतं. अट एकच घातली होती, की यंदाच्या शंकरपटात तिला एकदा पळू द्या आणि मग न्या. तर पट झाला. काय घडलं ते शेषरावांनी तुम्हाला सांगितलंच असेल, कारण ते मंडपात पहिल्या रांगेत होते. पण सगळ्यात आधी पळालेही तेच, त्यामुळे त्यांना पुढचं दिसलेलं नाही. म्हणून मी सविस्तर लिहिते.

छकडीच्या डाव्या चाकाची लोखंडी धाव झिजून पत्र्यासारखी झाली होती आणि सांध्यातून तडकलीही होती. नवी घालणं भाग होतं. पटाला आठ दिवस उरलेले. ही बातमी गावातल्या पटशौकिनांना कळली आणि आमच्या ओट्यावर रोज दुपारी बैठक भरू लागली. ह्यांच्या वेळी हीच मंडळी यायची, पण तेव्हा काम हे करायचे आणि मंडळी चहा प्यायची. आता काम करणारा नाही म्हटल्यावर सगळेच जाणकार झाले.

बैठकीत मुख्य माणसं चार. अर्जुनराव मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि बैलांची नावं मुलांच्या हजेरीपेक्षा चांगली सांगतात. उत्तमराव ओव्हरसियर मोताळ्याच्या रस्त्यावर आहेत (ते रस्त्यावर आले, रस्ता अजून गावात आलेला नाही). माझा पुतण्या इंद्रभान, म्हणजे पटात आमची जोडी हाकणारा धुरकरी. आणि कारभारी लोहार, ज्याला धाव बसवायची होती आणि ज्याला कोणी बोलू देत नव्हतं.

प्रश्न साधा होता. चाक बेचाळीस इंच उंच, तर त्याच्या घेराला लोखंडाची पट्टी किती लांब लागेल? मास्तर म्हणाले, बावीस सप्तमांश पट. ओव्हरसियर म्हणाले, तीन पॉइंट एक चार, आणि आता तर सरकारनं फूट-इंचच बंद केले आहेत, मीटरमध्ये बोला. कारभारी म्हणाला, "आमचा बाप तीनपट घेत जाय अन् वर जरासं." जरासं म्हणजे किती, असं मास्तरांनी विचारलं. "जरासं म्हणजे जरासंच, मास्तर. लई नाही." इंद्रभान म्हणाला, "मी त चारपट धरतो. उरलं ते काकू चुलीले लावतीन." ह्यावर चौघेही इतके हसले की म्हैस दचकून उभी राहिली.

मग ओव्हरसियरांनी कबूल केलं की कागदावर तीन पॉइंट एक चार असलं, तरी कामावर ते सरळ तीनच धरतात, बाकीचं मुरमात दबून जातं. मास्तर म्हणाले, "म्हणूनच तुमच्या मोऱ्या चौकोनी दिसतात बुवा." ओव्हरसियरांनी उत्तर दिलं की बावीस सप्तमांश हेही खरं नाही, खरा आकडा कोणालाच ठाऊक नाही, विलायतेत लोक वर्षानुवर्षं मांडत बसले तरी तो संपत नाही. "मोताळ्याच्या रस्त्यासारखा," कारभारी म्हणाला. त्या दिवशी त्याला बोलायला मिळालं ते हे तिसऱ्यांदा.

दादा, मी आतून ऐकत होते. मोजत गेलं तरी संपत नाही असं काहीतरी आहे, हे मला आवडलं. का ते विचारू नका. दोन दिवस भाकरी थापताना तेच डोक्यात होतं.

तुम्हाला माहीतच आहे, वाचायला मी माझी मीच शिकले, आणि मास्तरांनी दिलेलं जुनं अंकगणिताचं पुस्तक मी पोथीसारखं वाचते. तर मी आतूनच म्हटलं, बेचाळीसाला सातानं भागलं की सहा, आणि बावीस सक एकशे बत्तीस. मग मास्तर म्हणाले, "बरोबर! एकशे बत्तीस इंच!" आणि उत्तर जणू त्यांनीच काढलं अशा थाटात त्यांनी इंद्रभानच्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा कारभारीनं चौथ्यांदा बोलायचा प्रयत्न केला. "बरोबर असन, पण धाव बोटभर कमी लागते. निवल्यावर तिनं चाक आवळलं पायजे." ओव्हरसियरांनी विचारलं, "कोणाचं बोट? तुझं की माझं?" कारभारीनं आपलं बोट दाखवलं. घणाखाली सापडून ते चपटं झालेलं. ओव्हरसियर म्हणाले, असल्या बोटावर सरकारी माप चालत नाही. आणि खबरदारी म्हणून त्यांनी एकशे बत्तिसावर आणखी अर्धा इंच वाढवला. शिकलेल्या माणसाची खबरदारी नेहमी वाढवण्याकडे असते, हे मी त्या दिवशी शिकले.

तर एकशे साडेबत्तीस इंचाचं कडं तयार झालं. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलं, चौघांनी सांडशीनं धरून चाकावर ठेवलं, आणि ते असं अलगद बसलं की ओव्हरसियरांनी टाळी वाजवली. इंद्रभाननं पाणी मारलं, वाफ झाली, झालं. ह्यांनी धाव बसवली की निवताना लाकूड कुरकुरायचं, आरे ओरडायचे. म्हातारी उठतानासारखा आवाज यायचा. ह्या वेळी चाक गप्प राहिलं. मला ते गप्प राहणं बरं वाटलं नाही. पण चार बापे खूश होऊन मिशा पुसत होते आणि गणित माझंच होतं, मग मीही गप्प राहिले.

पटाचा दिवस उजाडला. मैदानावर एका वेळी दोन जोड्या सोडतात, आमच्यासमोर मोताळ्याची जोडी आली. मी बायकांच्या बाजूला शालूबाईजवळ उभी होते. निशाण पडलं, पाखऱ्या आणि सरदार उधळले, आणि निम्म्या वाटेपर्यंत आम्ही हातभर पुढे होतो. (शालूबाई म्हणते दोन हात, पण ती आमची शेजारीण आहे.) तेवढ्यात डाव्या चाकावरून धाव निघाली, वाळलेल्या मनगटावरून सैल पाटली निघावी तशी. छकडी डावीकडे खचली, बैल बावरून थबकले, इंद्रभान धुळीत बसता झाला, आणि धाव एकटीच पुढे निघाली. तिला ना बैल ना धुरकरी, पण रेघ सोडेल तर शपथ! मोताळ्याच्या जोडीला तिनं मागे टाकलं आणि शेवटची रेघ सगळ्यांच्या आधी ओलांडली. निशाणवाल्यानं सवयीनं निशाण पाडलं, घड्याळवाल्यानं सवयीनं घड्याळ थांबवलं.

तिथून ती मंडपात शिरली. शेषराव नेमके तेव्हा उठले. तिनं बक्षिसांच्या टेबलाला एक फेरी मारली आणि अध्यक्षांच्या पायाशी परातीसारखी वाजत वाजत आडवी झाली.

मग जे भांडण झालं ते दिवे लागेपर्यंत पुरलं असतं. इंद्रभान धूळ झटकत येऊन म्हणाला, "धाव आमची, चाक आमचं, मंग पह्यला नंबर कोनाचा बे?" मोताळ्याचा म्हणाला, "बैलं कुठी हायेत तुये? पट बैलाईचा हाय का कड्याईचा?" मास्तर मध्ये पडले आणि धावेनं किती फेरे घेतले ते पाटीवर मांडू लागले. "तीन धरा," कारभारी म्हणाला, "लवकर सुटन." ओव्हरसियर मंडपाच्या खांबामागे उभे होते आणि खांब मोजत होते. शेवटी पंचांनी मोताळ्याला पहिलं केलं आणि आमच्या धावेला उत्तेजनार्थ एक नारळ दिला. नारळ देवघरात ठेवला आहे. बैल आणि इंद्रभान सुखरूप आहेत, इंद्रभान थोडा आडवा चालतो इतकंच.

असो. तुम्ही मोठे आहात, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. शेषरावांना बुधवारी पाठवा, छकडी घेऊन जाऊ द्या. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला पाला.

तुमची,
गोजर

ता. क. : वर ओव्हरसियरांबद्दल लिहिलं ते खरं नाही. अर्धा इंच माझा. कारभारीसाठी आकडा मीच चिठ्ठीवर लिहिला, आणि चोळी बेतताना अर्धा इंच शिवणीत जातो म्हणून तेवढा वाढवून लिहिला. ओव्हरसियर बिचारे आपलाच मीटर चुकला असं समजून चार दिवस ओट्यावर आलेले नाहीत. मी त्यांच्याकडे वांग्याचं भरीत पाठवलं आहे. खरं काय ते बुधवारनंतर सांगेन.

आणखी ता. क. : बुधवारी शेषरावांना पाठवू नका. काल छकडी मैदानावरून घरी आणली तेव्हा ते चाक उघडं होतं. लाकडी घेराचे सहा तुकडे ह्यांनी जोडताना क्रमानं बसावेत म्हणून प्रत्येकावर पटाशीनं आकडा कोरला आहे. वर धाव असते, आणि ती बदलताना सगळ्यांची नजर लाल लोखंडावर असते, म्हणून तो कधी कोणाला दिसलेला नाही, मलाही नाही. आकडे ह्यांना मी शिकवले होते. चार उलटा काढायचे, शेवटपर्यंत उलटाच काढला. त्या चाकावरही उलटाच आहे. शेषरावांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. गाडी लबाड आहे म्हणा, बाई लबाड आहे म्हणा, दोन्हीला पुरावा आहे.

शेवटचं : बुधवारी तुम्ही या. कारभारी बोटभर कमी धाव करून ठेवतो आहे. सांडशी धरायला घरचा माणूस हवा, गुडघा दुखला तर बसून धरा. पाणी ओतायला कोणी नको. ह्यांच्या वेळीही ते मीच ओतत होते.