राखलेली बाही

रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज.

शिरूरहून आत्ताच आले. डोकं तापलेलं आहे, म्हणून चहाआधी वही.

रोहिदासला ओवाळलं. माझा एकुलता एक भाऊ. लग्नाला नऊ वर्षं झाली, आता कुठे घरात पाळणा येणार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. त्याच्या बायकोला, शितलला, आई नाही, त्यामुळे बाळंतपण शिरूरलाच. रोहिदास म्हणाला की ताई, आत्या म्हणून नाव तर तूच ठेवायचं, पण काय ठेवायचं त्येबी तूच ठरव, आम्हाला आधी सांगूच नको, डायरेक बाळाच्या कानात सांग. मला भरून आलं. त्या भरात मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पाळण्यात घालताना बाळाच्या अंगावर माझ्या हातचा सेट असेल. स्वेटर, टोपडं, मोजे.

इथपर्यंत ठीक होतं. मग भावजय बोलली. म्हणाली, ताई, दगदग करू नका, न्हाई पुरं झालं तरी चालंल.

न्हाई पुरं झालं तरी. माझ्या हातात निरांजन असताना. आणि वर हसली.

आता हा सेट पूर्ण होणार आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या बाळाच्या अंगावर चढणार. तिचं तोंड कायमचं बंद करायचं आहे.

नाव बसमध्येच ठरवलं. इथे लिहीत नाही. या घरात कुणीही कुणाचीही वही उघडतं.

सोमवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ६.

आज शांतपणे आढावा घेतला. ह्यांचा बिनबाह्यांचा निळा स्वेटर गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून सुयांवर आहे, पण पाठ झाली आहे. सासूबाईंच्या कानटोपीचे फक्त कान राहिलेत. समोरच्या क्वार्टरमधल्या गिताबाईच्या मुलीचा पोंचो अर्धा झाला आहे. तो मी कबूल केला, कारण गिताबाई म्हणाली होती की आजकाल विकतचंच चांगलं मिळतं. अशा बाईला उत्तर द्यावंच लागतं.

म्हणजे मी काही अपुरं सोडत नाही. माझी सगळी कामं चालू आहेत. शितलला हा फरक कळत नाही.

टाइमटेबल केलं. सहा ते आठ बाळ, दुपारी निळा, चहानंतर कानटोपी, टीव्हीसमोर पोंचो. भिंतीवर चिकटवलं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले की टाइमटेबल येगळं आन् गाडी येणं येगळं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.

लोकर आणली. लिंबू रंग, चार गुंडे. दुकानदार म्हणाला की पाच न्या, हा शेड परत येणार नाही. मी त्याला सांगितलं की मी वीस वर्षं विणते आहे. या लोकांना कायम एक गुंडा जास्त खपवायचा असतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

पाठ आणि पुढचा भाग पूर्ण. टोपडं पूर्ण. पाच दिवसांत. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. शितलने लगेच अंगठा आणि फूल पाठवलं. नुसता अंगठा म्हणजे मनातून जळाली आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर.

मोजे पूर्ण, एक बाही पूर्ण. आज सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या की सुवर्णा, बाळ जल्मायच्या आधी त्येचं कापड समदं पुरं करू न्हाई, कायतरी बाकी ठेवावं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं मला पटलं.

म्हणून दुसरी बाही आणि गळा बाजूला ठेवला. बाळ झालं की चार तासांचं काम. हे राहिलेलं नाही, राखलेलं आहे. कुणी विचारलंच तर असंच सांगायचं.

सोमवार, १८ नोव्हेंबर.

हात मोकळे आहेत, तर बसून काय करायचं. ह्यांचे साहेब डिसेंबरअखेर रिटायर होत आहेत, निरोप समारंभ १३ तारखेला. मी त्यांच्यासाठी मफलर विणते असं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले की आधी माझं बघ. इतका स्वार्थी माणूस मी पाहिला नाही.

शिवाय लिंबू लोकरीचे दोन गुंडे नुसते पडून होते. गिताबाईच्या मुलीचा अर्धा पोंचो त्याच लोकरीची रुंद झालर लावून संपवला आणि देऊन टाकला. एका बाहीला किती लोकर लागते मला माहीत आहे. गिताबाईचा चेहरा बघण्यासारखा होता. तरी म्हणाली की झालर जरा जड झाली.

बुधवार, २० नोव्हेंबर.

मतदान. रांग मोठी, म्हणून मफलर बरोबर नेला. दारातल्या पोलिसाने सुया आत नेऊ दिल्या नाहीत. मागे गिताबाई उभी होती, नाइलाजाने तिच्या हातात दिला. मी मत देऊन बाहेर येईपर्यंत बाईने सहा ओळी विणून ठेवल्या. म्हणाली, तेवढाच तुमाला हातभार.

घरी येऊन सहाच्या सहा उसवल्या. तिचा हात सैल आहे. मग माझ्याही चार ओळी उसवाव्या लागल्या, कारण रागाने माझा हात घट्ट पडला होता.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.

मफलरला आता बारीक, दहा नंबरच्या सुया हव्या होत्या आणि त्यांची माझ्याकडे एकच जोडी आहे. म्हणून निळ्या स्वेटरचे टाके खराट्याच्या दोन काड्यांवर काढून ठेवले. ह्यांनी विचारलं की माझा स्वेटर खराट्याला का लावलाय. सकाळी सासूबाईंनी अंगण झाडायला घेतलं आणि एकेचाळीस टाके गळाले. चूक त्यांची. आधी बघायला नको का?

टाइमटेबल काढून टाकलं. भिंतीचा रंग निघत होता.

बुधवार, ४ डिसेंबर. दुपार.

मुलगी झाली. रोहिदास फोनवर बोलताना रडत होता, मीही रडले. बारसं पंधरा तारखेला, रविवारी अकरा वाजता. पुन्हा म्हणाला की ताई, नाव तू म्हणशील त्येच, शितलनंबी काय ठरवलेलं न्हाई, ती म्हणती ताईंचा मान हाय.

मान. आता गोड बोलणं सुरू झालं. तिला वाटत असेल मी विरघळेन.

अकरा दिवस आहेत. मला चार तास हवेत.

शुक्रवार, ६ डिसेंबर.

दुसऱ्या बाहीला सुरुवात केली. चार बोटं झाली आणि लोकर संपली.

दुकानात गेले. दुकानदाराने हळदीसारखा पिवळा काढून दाखवला आणि म्हणाला की मी तवाच म्हणालो हुतो. ग्राहकाशी असं बोलतात? पुन्हा त्या दुकानात पाय ठेवणार नाही.

गिताबाईकडे गेले. सांगितलं की झालर जड झाली म्हणालात ना, द्या, काढून देते. तर म्हणाली की पोंचो पोरगी घालून गेली पाटसला, नोकरीच्या गावी, थंडी हाय तिकडं, आता संक्रांतीला येईल. पाटस इथून किती लांब आहे? इथे जशी थंडी तशीच तिथे. मुद्दाम पाठवला.

रविवार, ८ डिसेंबर.

टोपडं उसवलं.

नीट विचार करून उसवलं. टोपड्याने तान्ह्या बाळाचे कान दबतात. स्वेटर आणि मोजे हाही सेटच असतो.

दुपारी शितलचा मेसेज. बाळाचं डोकं पस्तीस सेंटिमीटर भरलं, छाती तेहतीस. पुढे लिहिलं होतं की ताई, गळ्याला मागून बटण ठेवलं तर घालायला सोपं जाईल, आन् घाई करू नका. मला माप शिकवते. जिने आयुष्यात साधा हातरुमाल विणला नाही ती. मागून बटण. आता तर ठेवणारच नाही. उत्तरही दिलं नाही.

बुधवार, ११ डिसेंबर.

बाही मनगटापर्यंत आली. एक मोजा उसवला.

गुरुवार, १२ डिसेंबर.

एक मोजा ठेवून काय करायचं. दुसराही उसवला. बारशाला सगळे बाळाचं तोंड बघतात, पाय कुणी बघत नाही.

शितलचा फोन आला होता. घेतला नाही. झालं का म्हणून विचारणार, तेवढंच तिला हवं आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर.

साहेबांचा निरोप समारंभ. मफलर वीतभर झाला होता. ह्यांनी नेण्यास नकार दिला, पण मी कागदात गुंडाळून दिलाच. संध्याकाळी येऊन म्हणाले की सायबांनी टेबलावर फुलदाणीखाली ठिवला. माणसाला कदर आहे.

शनिवार, १४ डिसेंबर.

बाही जोडली. फक्त गळा राहिला. उद्या साडेसातच्या एसटीने निघायचं. आज संध्याकाळ झाली, म्हणून गळ्याला हात लावला नाही. असल्या नाजूक कामाला सकाळचा उजेड लागतो.

नाव चार वेळा आरशासमोर म्हणून बघितलं. फार सुरेख आहे. शितलला असं नाव जन्मात सुचलं नसतं.

रविवार, १५ डिसेंबर, सकाळी ७.

हे कपडे करून दारात उभे. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी साडेआठच्या गाडीने येते. हे म्हणाले की बाकीचं तिथं जाऊन कर, कुणी काय खात न्हाई. शितलसमोर सुया घेऊन बसू? त्यापेक्षा न गेलेलं बरं. हे पुढे गेले.

८.१५

गळ्याचे टाके उचलताना दोन गळाले. पुन्हा उचलले. साडेआठची जाणार. पुढची साडेनऊला आहे, तीही वेळेत पोचते.

१०.४०, एसटीत.

गाडी दहाला सुटली. कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर रांगेने पुढे, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, ड्रायव्हर ओव्हरटेक करायला तयार नाही. त्याला जाऊन सांगितलं की मी आत्या आहे. तो म्हणाला की मावशी, खाली बसा.

एक प्रकारे बरंच झालं. गळ्याच्या शेवटच्या ओळी विणते आहे. लोकर पुरावी म्हणून टाके जरा घट्ट बंद करते आहे. थंडीत गळा घट्टच चांगला.

११.३५

झाला. पूर्ण झाला. बोटभर लोकर उरली. स्वेटर मांडीवर ठेवला आहे, शेजारची बाईसुद्धा बघते आहे.

फोन सारखा वाजतो आहे. शितल, शितल, शितल. आठ वेळा. आजच्या दिवशी तरी हिने मला छळायला नको होतं. उचलला नाही. पिशवीत तळाशी टाकला. आता पोचल्यावर स्वेटरच बोलेल.

संध्याकाळी ७, घरी.

बारा वीसला पोचले. बायका घुगऱ्या घेऊन बाहेर पडत होत्या. पाळणा हलत होता.

आधी कुणाशी बोलले नाही, स्वेटर काढला. रोहिदासने बाळाला उचललं. गळा कपाळापर्यंत आला आणि अडकला. त्याने हळूच ओढून बघितला. पोरगी किंचाळली. मग त्याने तो काढून माझ्याकडे दिला.

ह्यांनी मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. पाहुण्यांनी पाच-सहा स्वेटर आणले होते. शितलने एकही घालू दिला नाही. म्हणत होती की आत्याचं आधी अंगाला लागू द्या. सव्वाअकरापर्यंत पोरगी नुसत्या दुपट्यात. बायका बोलायला लागल्या, तेव्हा तिने बाळाला मांडीवर घेतलं, फोन त्याच्या कानाशी धरला आणि मला लावत बसली. सगळ्यांना सांगत होती की फोनवरनं का व्हईना, नाव ताईच सांगतील. आठ वेळा लावला. तिच्याजवळ दुसरं नावच नव्हतं, माझ्यावर सोडलेलं होतं. शेवटी शेजारच्या अपेक्षाला आत्या म्हणून बसवलं आणि काहीतरी ठरवलं.

शितल आली, तेव्हा मी टोमण्याची वाट बघत होते. तयारीत होते. तिने माझ्या हातातून स्वेटर घेतला, घडी केली, पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवला आणि मला जेवायला बसा म्हणाली.

मला वाटत होतं कुणीतरी सांगेल. पण सगळ्यांना वाटत होतं की मला माहीत आहे. निघताना दारात चपला घालणाऱ्या अपेक्षाला गाठलं आणि हळू आवाजात विचारलं की बाळाचं नाव काय ठेवलं. तिने सांगितलं.

चांगलं आहे.