दावा क्रमांक एक

३ मार्च
आमचा कसाव्याचा स्टार्च गोठवून वितळवला तरी पाणी सोडत नाही. आज सिद्ध झालं. 'आमचा' म्हणजे प्रयोग माझ्या लॅबमधल्या उफुओमाचे, दृष्टी माझी. डायरेक्टरसाहेब म्हणाले, पेटंट झालं की पोरीला कायम करू. तोवर डिसेंबरपर्यंतचं कंत्राट. पेटंटच्या अर्जातले दावे, म्हणजे नेमकं काय आपलं ते, मीच लिहिणार असं तिला सांगून टाकलं. चार दिवसांचं काम.

२८ मार्च
दावा क्रमांक एक तयार: 'कोणत्याही वनस्पतीचा स्टार्च, कोणत्याही रसायनाने, कोणत्याही रीतीने बदललेला.' लेगॉसच्या वकीलबाई फोनवर हसल्या. म्हणाल्या, डॉक्टर, यात माझ्या नवऱ्याच्या शर्टाची खळसुद्धा आली. जेवढं केलंय तेवढंच मागा. कोत्या मनाची बाई. वर बजावलं, अर्ज जाईपर्यंत चारचौघांत बोलू नका. हे मला सांगतायत. मी बायकोलाही निम्मंच सांगितलंय.

२१ मे
उफुओमाने विचारलं, सर, दावे कुठवर आले? म्हटलं, सखोल विचार चालू आहे. चालू आहेत फुटबॉलचे सामने. वाईट वाटलं. तिला खिमा भरलेला मीटपाय आणून दिला. उद्यापासून पहाटे उठून लिहायचं.

२२ मे
पहाटे लाइट नव्हती.

१६ ऑगस्ट, उघेली
सासऱ्यांचं दफन. नव्वदी पार केलेले, त्यामुळे बँड, नाच, सगळ्यांना एकाच कापडाचे कपडे. जावयाने रिकाम्या हाताने जायचं नसतं. आपला स्टार्च नेला, पामतेलात घोटून बांगा सूपबरोबर खायला. भेट काय, कुठली, कशी केली हे सगळं सांगितल्याखेरीज इथली वडीलधारी मंडळी हात लावत नाहीत. त्यांच्या वतीने पा इदोलोर बोलले: जावईबापू, हे पांढरं काय आणलंत, भिंतीला लावायचा चुना तर नव्हे? सगळे हसले. मग मीही माइक घेतला. कुठलं रसायन, किती, पाणी किती गरम, किती वेळ ढवळायचं. काही म्हणून राखून ठेवलं नाही. काय टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत, लॅबच्या मंडळींबरोबर आलेली उफुओमा उभी राहून दोन्ही हात हलवत होती. किती आनंद झाला होता पोरीला. मेव्हण्याने सगळ्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला.

२ सप्टेंबर
दावे पूर्ण. वकीलबाईंनी विचारलं, जाहीरपणे कुठे बोलला नाहीत ना? म्हटलं, छे, फक्त घरच्यांना सांगितलंय. घरचे किती? म्हटलं, सातशेच्या आसपास. बाई म्हणाल्या, जगजाहीर गोष्टीवर दावा चालत नाही, डॉक्टर.

३ सप्टेंबर
मेव्हण्याला फेसबुकवरचा व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. म्हणाला, दाजी, काढून काय उपयोग? वारी शहरातल्या एका फॅक्टरीवाल्याने खाली शंका विचारली होती, तिला तुम्हीच उत्तर दिलंय, अंगठ्यासकट. काढून टाकण्याआधी एकदा नीट पाहिला. उफुओमा आनंदाने हात हलवत नव्हती. थांबा, थांबा म्हणत होती. बँड फार मोठ्याने वाजत होता. बँडवाल्यांचीच चूक.
नाही. माझीच.

१९ डिसेंबर
उफुओमाचा शेवटचा दिवस. डायरेक्टरसाहेबांकडे तिच्यासाठी शब्द टाकायचं ठरवलं होतं. ते रजेवर गेले. तिला म्हटलं, शिफारसपत्र देतो, फक्कड. उद्या नक्की. ती म्हणाली, सर, मीच लिहून आणलंय, तुम्ही फक्त सही करा. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
सही केली. पत्रातले 'माझ्या मार्गदर्शनाखाली' एवढे शब्द खोडायला हवे होते. खोडले नाहीत.