माझ्या खोलीतले परक्यांचे कपडे आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, कपडे दुरुस्तीच्या दुकानात आत्याच्या हाताखाली काम करणारी, घरात ‘मोजपट्टी’ या नावाने ओळखली जाणारी, अविवाहित, वय तिशीच्या आत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंना तसे विचारून घेतले. पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले. याआधी मी कागदावर मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात बरीच केली, ती सगळी रद्द समजावीत.

आमच्या घरात दुकानात भागीदारी मिळण्याआधी मृत्युपत्र लिहायची पद्धत आहे. पणजोबा काही न लिहिता गेले, आणि त्यांच्या मनात नक्की काय होते यावरून आजोबा नि त्यांचे भाऊ जन्मभर भांडले. म्हणून आजोबांनी ठरवले की लिहायचे, आणि कच्चा मसुदा घरातल्या सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायचा, म्हणजे माणूस उत्तर देऊ शकतो तोवर त्याला विचारून घेता येते. त्यांचा दुसरा नियम असा की वाचणाऱ्याने काही लपवायचे नाही. बाबांनी आणि आत्याने याचा अर्थ दागिने आणि जमीनजुमला असा घेतला. मी तो शब्दशः घेतला. त्यामुळे बाबांचे मृत्युपत्र अर्ध्या पानात संपले आणि माझे असे झाले आहे.

लिहिताना मला एकच भीती होती. लहानपणी मी सारखी आजारी असायचे, शाळेत उशिरा गेले. तोवर घरानेच शिकवले. वाचायला आजोबांनी, बेरीज-वजाबाकी आत्याने, टेपवरचे आकडे दाखवून. सुई धरायलाही तिनेच. येत्या पहिल्या तारखेला ती मला भागीदार करणार आहे. माझ्या मनात काय काय साठले आहे हे ऐकल्यावर ती बेत बदलेल, कदाचित मला शेजारी बसूही देणार नाही, असे मला वाटत होते. पण न सांगता भागीदार झाले असते तर रोज तिच्याशेजारी खोटेपणाने बसले असते. रविवारी दुपारी मी मसुदा वाचला. ही त्याची स्वच्छ प्रत. वाचताना जे बोलणे झाले ते त्या त्या जागी घातले आहे.

कलम १. स्थावर मालमत्ता नाही.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते आईला द्यावे. तिने ते स्वतःवर खर्च करावे, माझ्या स्मरणार्थ कोणाला भांडी वाटू नयेत. याच कलमात नोंदवते की मी ताट घासत असताना “जेवलीस का” असे विचारले की मला काय उत्तर द्यावे ते कळत नाही. तसेच प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घालण्याला माझा विरोध आहे. कपडे दुरुस्तीच्या दुकानामागे पिशव्या वाळताना पाहून गिऱ्हाईक काय समजत असेल?

आईचे म्हणणे: “समजू दे ना. माणसं काटकसरी आहेत असं समजेल.”

कलम ३. माझा टेबलावरचा दिवा, पांघरूण आणि चांगली छत्री बाबांना. त्यांनी माझ्या पश्चात तरी वर्तमानपत्र मनात वाचावे. ते सगळ्या बातम्या मोठ्याने वाचतात, मग माझ्या हातात पेपर येतो तेव्हा तो कोणीतरी घालून झालेल्या सदऱ्यासारखा वाटतो. हे वाचले तेव्हा बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि आईला म्हणाले की हिने कधी सांगितलं नाही. मग पुन्हा चष्मा घालून म्हणाले, “क्रीडापान तरी वाचू का?” क्रीडापानाला माझी हरकत नाही. तशी दुरुस्ती केली आहे.

कलम ४. पुढील मते माझ्या नावावर आहेत. ती वारसाने कोणाला जात नाहीत, पण कोणाला हवी असल्यास खुशाल घ्यावीत.

पहाट सुंदर नसते, गार असते. टॉवेलला इस्त्री करणे हा वेळेचा अपमान आहे, आणि आमच्याकडे असे इस्त्री केलेले टॉवेल दुरुस्तीला घेऊन येणारी एक बाई आहे. पाहुणे येणार नाहीत असा फोन आला की मी “अरेरे” म्हणते आणि आत जाऊन लोळते. निघतो निघतो म्हणून दारात उभे राहणाऱ्या माणसांनी एकतर बसावे नाहीतर जावे. समोरच्या दुकानातले चष्मेवाले काका यांनी हे विशेष करून ऐकावे. तान्ही मुले मला सगळी सारखीच दिसतात, आणि “कोणावर गेलंय?” असे विचारल्यावर मी जवळ उभे असेल त्याचे नाव घेते. फोनवर लांबलचक बोलून पाठवणाऱ्यांनी तेच लिहून पाठवले तर ओळभर भरेल. समुद्र पाहून मला कधीही भरून आलेले नाही, चपलांत वाळू मात्र दर वेळी गेली. वाढदिवसाला अचानक दिवे लावून कोणी ओरडले की मी हसते, पण ते हसू नसते.

इथवर घरातले सगळे हसत होते. आत्या सर्वांत जास्त हसत होती. त्यामुळे पुढचे कलम वाचायला मला जास्तच जड गेले.

कलम ५. माझे शिलाई मशीन, बॉबिनचा डबा, मशीनला लावायचा काज करायचा पाय आणि दुकानातला माझा होणारा हिस्सा मी मसुद्यात आत्याला लिहिला होता. आता काय ते शेवटच्या कलमात पाहावे. आत्याबद्दल माझे म्हणणे असे.

ती काम करताना गाण्याची एकच ओळ गुणगुणते. दुसरी ओळ कधीच येत नाही. मी टाका घालताना दुसऱ्या ओळीची वाट पाहते आणि टाका वाकडा जातो. गळ्यात कात्री अडकवलेली असताना ती दोरा दाताने तोडते. ओला चमचा साखरेत घालते. मी घातलेली तुरपाई मी उठल्यावर उजेडात धरून बघते आणि मला वाटते की मला दिसत नाही. गिऱ्हाइकापुढे “आमची पोर” म्हणते, मग गिऱ्हाईक माझ्याशी बोलेनासे होते.

खोलीत कोणी हसले नाही. आत्याने विचारले, “दोरा दाताने तोडते हे तुला कधीपासून खुपतंय?”

मी सांगितले की तिने मला सुई धरायला शिकवली तेव्हापासून.

“मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?”

“तूच मला सगळं शिकवलंस. शिकवणाऱ्या माणसाला असं कसं सांगायचं?”

“पण गप्प बसायला मी तुला कधी शिकवलं?”

बाबा म्हणाले, “शिकवलंस की. नुसती बघ, बोलू नको, असं म्हणूनच तर शिकवायचीस.” आत्याने त्यांच्याकडे असे पाहिले की ते पेपर शोधू लागले. मग ती मला म्हणाली, “पुढे वाच.”

कलम ६. माझ्या खोलीत माझ्याशिवाय जे कपडे राहतात ते माझे नाहीत. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकले आणि न्यायला आले नाहीत असे हे कपडे आत्या कधीच काढून टाकत नाही. दुकान भरले तेव्हा ते माझ्या खोलीत आले. माझ्या पलंगावरच्या दांडीला एक लग्नाचा सूट आहे. कोणा रखवालदाराचा गणवेश आहे, त्याच्या खिशात शिट्टी आहे. एक शाळेचा फ्रॉक आहे, तो घालणारी आता नोकरीला लागली असेल. एका ओव्हरकोटाची बाही माझ्या उशीवर येते. सगळ्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, आणि मैत्रिणी म्हणतात तो मलाही आहे. मी या खोलीत पाहुणी आहे आणि ते घरचे आहेत, असे मला वाटत आले आहे.

आत्या यावर नेहमी एक गोष्ट सांगते की एक माणूस कितीतरी वर्षांनी आपला कोट न्यायला आला होता. गोष्ट खरी आहे, पण ती गिऱ्हाइकांना अर्धीच ऐकवली जाते. उरलेली इथे लिहिते. कोट त्याच्या पोटावर बसेना. आत्याने आतून कापड लावून तो सैल करून ठेवला. सैल केलेला कोट न्यायला तो अजून आलेला नाही.

“येईल,” आत्या म्हणाली.

कलम ७. हे माझे सर्वांत वाईट मत आहे, निदान या घरात तरी. फाटलेले सगळेच शिवू नये. आमच्याकडे येणाऱ्या काही माणसांना तो कपडा दुरुस्त करून नको असतो. त्यांना एवढेच हवे असते की जाणत्या कोणीतरी तो हातात घ्यावा, नीट पाहावा आणि म्हणावे, याचं आयुष्य झालं, टाका आता. तसे कोणी म्हणत नाही म्हणून ते ठिगळावर ठिगळ लावून नेतात आणि घालत नाहीत. मी भागीदार झाले तर अशा माणसांना मी “टाका” म्हणणार आहे. हे आत्याला मान्य नसेल तर तिने मला भागीदार करू नये. मी पगारावर काम करीन, आणि सांगेल ते शिवीन.

वाचून झाले. मी मान वर केली नाही. आईने चहाचे कप गोळा केले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

आत्या आधी म्हणाली की शेवटचं कलम साफ चूक आहे. दुरुस्त होणार नाही असं कापड तिनं अजून पाहिलेलं नाही, आणि टाका म्हणायला दुकान कशाला हवं, त्याला रस्त्याच्या टोकाला कचऱ्याचा डबा आहे. मग तिने आवाज न चढवता विचारले, “तुझं झालं ना? आता माझं ऐक. तू प्रत्येक माप तीनतीनदा घेतेस, आणि गिऱ्हाईक हात वर करून उभं. काही सांगितलं की शेवटी ‘चालेल ना’ लावतेस. चालेल ना, चालेल ना, कान किटले माझे. आणि दोरा तुटला की मशीनला सॉरी म्हणतेस. मशीनला. तेव्हा मला तुला एक टपली द्यावीशी वाटते.”

“मग दिली का नाहीस?”

“तू आजारी असायचीस ना. तीच सवय राहिली.”

मला रडू येईल असे वाटले होते, पण हसू आले. आत्याला माझा राग येतो, रोज येतो, आणि तरी ती रोज सकाळी माझ्या मशीनवरचे फडके काढून ठेवते, हे मला माहीत नव्हते. मी समजत होते की मी शहाण्यासारखी वागते म्हणून ती माझ्यावर माया करते. छातीवरून कोणीतरी ओला ओव्हरकोट उचलावा तसे झाले. तो मी कधीपासून अंगावर घेऊन वावरत होते ते आता सांगता येणार नाही.

कलम ८. भागीदारीबद्दल आत्याने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे पुढे वाद नको: “दुकानात दोन मतं असली म्हणून दुकान बंद पडत नाही. तू टाका म्हण. मी तिथेच बसून आणा इकडे म्हणीन. गिऱ्हाइकाला ठरवू दे.” पहिली तारीख ठरल्याप्रमाणे आहे.

कपड्यांबद्दल तिने टाकायला साफ नकार दिला. पण संध्याकाळी ती जिना चढून आली आणि दांडीवरचा एकेक हँगर काढून आपल्या खोलीत नेऊ लागली. तिची खोली माझ्या खोलीपेक्षा लहान आहे, हे मला दिसत होते. “नको, राहू दे” म्हणायला मी तोंड उघडले, आणि मिटले. मग मीही हँगर उचलून तिच्यामागे गेले. रात्री मी खिडकी उघडून झोपले. खोली रिकामी, थंड आणि माझी होती.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईने करावी, कारण ती काही विसरत नाही.

साक्षीदारांबद्दल. काळा कोट आखूड करायला येणाऱ्या वकीलबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या की दोन साक्षीदार हवेत, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीची सही करू नये, केली तर त्याला ठेवलेले त्याला मिळत नाही. मी हे घरात सांगितले आणि म्हणाले की म्हणजे आई, बाबा आणि आत्या सोडून कोणीतरी पाहावे लागेल.

आत्याने विचारले, “मला काय ठेवलंयस म्हणालीस?”

मी सांगितले, मशीन आणि हिस्सा.

“मशीन माझ्याकडे आहे. हिस्साही आहे. ते आईबाबांना लिही.” तिने पेन मागितले. “मला सही करायची आहे. एवढं सगळं तू माझ्यासमोर बोललीस. ते मी ऐकलं, असं कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

मी तिला पुन्हा समजावले की सही केली तर तिला माझ्याकडून काहीच मिळणार नाही, वकीलबाईंना परत विचारून घेऊ, घाई नको. ती म्हणाली, “मोजपट्टी, तीनदा झालं.”

म्हणून कलम ५ मधील मशीन, बॉबिनचा डबा, काज करायचा पाय आणि हिस्सा आईबाबांना समान मिळावा. आत्याला या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेले नाही.

वरचे सर्व माझे आहे. दोन ठिकाणी शाई पसरली आहे, तीही माझ्याच हातून. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: दुकानामागची खोली, कापड बेतायचे टेबल
दिनांक: महिनाअखेर, भागीदारीच्या आदल्या दिवशी

सही: मोजपट्टी

साक्षीदार पहिले: समोरचे चष्मेवाले. सहीपुरता आलो होतो. कलम ४ वाचले. बसलो.

साक्षीदार दुसरी: आत्या, व्यवसाय रफू. सगळे ऐकले. कलम ७ चूक आहे. बाकी बरोबर.