करंट जरा कमी

४ मार्च, सोमवार
दाजींच्या कारखान्यात रुजू झालो. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. तारेची जाळी वेल्ड करायचं मशीन पाहिलं. उभ्या तारा, त्यांवर आडवी तार. वरून तांब्याच्या बोटांची रांग धाडकन खाली येते, करंट सुटतो आणि तारा जिथे टेकल्या असतील तिथे चिकटतात. सोपं आहे. दाजींनी विचारलं, असलं मशीन कधी चालवलंय का. म्हटलं, आठ वर्षं. (थिएटरवर तिकिटं फाडली, पण तिथेही प्रोजेक्टर होताच.) पहिल्याच ठोक्याला ठिणग्यांचा फवारा उडाला. मशीन पूर्ण नजरेत यावं म्हणून मी थोडा मागे सरलो. दारापर्यंत.

५ मार्च
संकल्प: आठ दिवसांत या मशीनवर हुकमत.
दुपारी दोन. अजून बटण दाबलेलं नाही. सकाळी पोटभर खाल्लं नव्हतं. झाडूच्या दांड्याने लांबून बटण दाबायची पद्धत शोधून काढली. सेफ्टी! दुसऱ्या पाळीची ऑपरेटर, जिला सगळे मास्तरीण म्हणतात, लवकर येऊन बराच वेळ बघत होती. शिकत असणार.

७ मार्च
मोठा शोध. करंटचं चाक डावीकडे फिरवलं की ठिणग्या घटतात. आठवरून साडेतीनवर आणलं. ठिणगी नाही, धूर नाही, जाळीवर काळा डाग नाही. इतकी वर्षं आठवर काम करणारे लोक नुसते रांगडे.

११ मार्च
मास्तरीण म्हणाली, भाऊ, करंट जरा कमी वाटतो. मी म्हटलं, अनुभवाचा भाग आहे. माझ्यावर जळते.

१४ मार्च
मोठी ऑर्डर. पाळणाघर, तिसरा मजला, गॅलरीला खालपासून वरपर्यंत जाळी. माझी नात तिथेच जाते. चार वर्षांची आहे, दिसेल त्यावर चढते. तिला सांगितलं, तुझ्या गॅलरीची जाळी आजोबा करणार. कॉलर ताठ.

१८ मार्च, सोमवार
ऑर्डर ताडपत्री बांधून सकाळी गेली. दुपारी जाळीचा उरलेला तुकडा माझ्या हातून पायरीवर पडला. एक आडवी तार सुटून आली. शेजारची बोटाने ढकलली. तीही आली. पाचच्या पाच आल्या.
तार खराब असेल. गोदामात ओल आहे. तुकडा खिशात मावेना म्हणून शर्टात लपवला.

१९ मार्च
संकल्प: यापुढे आठवरच. चाक आठवर नेलं, डोळे मिटले, दांडा पुढे केला. आवाज झाला. नंतर बराच वेळ बाथरूममध्ये होतो. बाहेर आल्यावर साडेतीनवर आणलं. एकदम बदल मशीनला मानवत नाही.

२० मार्च
जाळी बसवून झाली. सून कौतुकाने सांगत होती, नात जाळीला लटकून रस्त्यावरच्या लोकांना हात करत होती. ताट तसंच ठेवून उठलो. उद्या दाजींना सगळं सांगायचं. नक्की.

२१ मार्च
दाजींभोवती माणसं होती. अशा गोष्टी एकांतात सांगाव्यात.

२२ मार्च
दाजी एकटेच होते. अशा गोष्टी चारचौघांत सांगाव्यात.
सुनेला म्हटलं, पोरीचं अंग गरम लागतंय, घरी ठेव. तिने थर्मामीटर लावला आणि माझ्याकडे बघितलं. तरी ठेवली घरी. पण बाकीची बावीस पोरं? त्यांना मी कुठे कुठे ताप आणू? पाळणाघरात फोन केला, मुलांना गॅलरीत सोडू नका म्हणालो. कोण बोलतंय विचारलं, तेव्हा ठेवून दिला. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२५ मार्च, सोमवार
उठलो तो थेट पाळणाघरात. तिथल्या बाईंना सांगितलं, कंपनीचं इन्स्पेक्शन. पोरांना आत घ्यायला लावलं. जाळी ओढली, लाथ घातली. हलेना. शेवटी दोन्ही हातांनी धरून गॅलरीच्या आतल्या बाजूने लटकलो. वजन ब्याऐंशी किलो. वेल्डचा एक टाका सुटला नाही. दारातून पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, आजोबा, आता उतरा.
म्हणजे साडेतीन हाच बरोबर आकडा! तो तुकडा तेवढा अपवाद. मी उगाच घाबरलो. घाबरलो असंही नाही, काळजी घेतली.

२६ मार्च
दाजींना छातीठोकपणे म्हटलं, आता मला हेड ऑपरेटर करा. दाजी हसले नाहीत. मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. ७ तारखेपासूनची माझी सगळी जाळी तिथे रचून ठेवलेली. भंगारात जायची आहे. एकही शीट बाहेर गेलेली नाही. मी घरी गेलो की मास्तरीण दुसऱ्या पाळीत सगळं काम नव्याने करायची. पाळणाघराची जाळी पूर्ण तिची.
विचारलं, मला सांगितलं का नाही? दाजी म्हणाले, तुमच्या ताईने शपथ घातली होती, त्याचं मन मोडू नका म्हणून. म्हणजे तिलाही माहीत होतं.
राग यायला हवा होता. मी त्या ढिगावरच बसलो. टाके तटातट सुटले. खाली आपटलो आणि तिथेच रडलो. पोरगी तिथून पडणार नव्हती. बावीस पोरंही पडणार नव्हती. एकाही पोराचा जीव माझ्या हातात नव्हता.
उद्यापासून मला गठ्ठ्यांना लेबलं चिकटवायचं काम आहे.
संध्याकाळी मास्तरणीचे आभार मानायला गेलो. मशीन चालू होतं, म्हणून दारातूनच मानले. तिला ऐकू गेले नसावेत.